मावसोबांचं ओळखपत्र

उभा ठाणे जिल्हा पालथा घातला तरी आमच्या मावसोबांसारखा पाहुणा सापडायचा नाही. लोक पाहुणे म्हणून चार दिवस राहतात, फार तर आठ. नवव्या दिवशी घरची माणसं त्यांच्यादेखत एसटीच्या वेळांची चर्चा करू लागतात. मावसोबा एकाच घरात पन्नासहून अधिक वर्षं पाहुणे आहेत, आणि ते घर त्यांच्या बायकोचं आहे. माझी मावशी म्हणजे माझ्या आईची थोरली बहीण. आजोबांना या दोनच मुली, मुलगा नाही. धाकटीला, म्हणजे माझ्या आईला, त्यांनी शहापुरात दिली आणि थोरलीसाठी घरजावई आणला. तो थेट मुरबाड तालुक्यातून, टोकावड्याच्याही वर डोंगराला टेकलेल्या एका वाडीतून. मावसोबा तेव्हा एकोणीस-वीस वर्षांचे होते. ते सापगावच्या पुढच्या आमच्या आजोळच्या गावी आले, ओटीच्या कडेला टेकले आणि अजून त्याच कडेला टेकलेले आहेत. आत सरकून, भिंतीला पाठ लावून, पाय पसरून बसलेलं मी त्यांना कधी पाहिलेलं नाही.

"माझं" हा शब्द त्यांच्या तोंडी येत नाही. घर सासऱ्यांचं, शेत सासऱ्यांचं, म्हैस मावशीची आणि मावशी माझी. म्हणजे माझ्याशी बोलताना ते "तुझी मावशी" म्हणतात, माझ्या आईशी बोलताना "तुमची बहीण", आणि परक्या माणसाशी बोलताना "या घरातली बाई". परसातलं आंब्याचं कलम त्यांनी स्वतः लावलं, उन्हाळ्यात कावडीने पाणी घालून जगवलं, पण त्याचा पहिला पाड हातात घेतला की आत वळून विचारणार, "एक खाऊ का गो?" मावशी म्हणते, "खावा, नायतं वानरं खातील." जेवताना दुसऱ्यांदा भात मागणं नाही. ताटाकडे बघत "आज भात बरा झालाय" एवढंच म्हणतात, आणि मावशी गेली पन्नास वर्षं त्या वाक्याचा अर्थ लावून वाढते आहे. एकदा न्हाणीत भलामोठा साप निघाला. मावसोबा काठी घेऊन धावले खरे, पण साप समोर असताना काठी तशीच उगारून ओरडले, "मारू का गो? तुमच्या घरातला हाय, म्हनून इचारतो!" मावशी चुलीपुढून उठून येईपर्यंत सापाने आपला मार्ग धरला होता, आणि मावसोबांना त्याचं दुःख झालेलं दिसलं नाही.

ओटीवरच्या खुंटीला त्यांची एक कापडी पिशवी कायम टांगलेली असे. तीत एक धुतलेला सदरा, एक टोपी आणि रेशनकार्डापासून मतदानाच्या कार्डापर्यंत होते नव्हते तेवढे कागद. कुणी विचारलं तर म्हणायचे, "सासरं कदी उठून बोलतील, जा आता तुझ्या घरी, सांगता येत नाय. तवा काय कागुद शोधीत बसायचं?" आजोबांना जाऊन तीस वर्षं होत आली, तरी पिशवी तयार होती. एका श्रावणात दोघंही शेतावर असताना वाऱ्याने नेमकं त्या खुंटीवरचं कौल सरकलं आणि दिवसभराच्या झडीचं पाणी धार धरून पिशवीत उतरलं. मावशीने तो कागदांचा लगदा सुपात घालून चुलीपाशी वाळवला. त्याचा एक जाड पिवळट पापड झाला, आणि त्याच्या एका कोपऱ्यात कुठल्याशा खात्याचा शिक्का तेवढा दिसत राहिला.

आता ज्या कार्डाशिवाय हल्ली कुठंच काही चालत नाही, ते नंबरवालं नवं ओळखपत्र मावसोबांकडे आधीपासूनच का नव्हतं, तेही सांगून टाकतो. गावातल्या शाळेत ती यंत्रं घेऊन माणसं आली होती, तीन दिवस मुक्काम होता. मावसोबा तिन्ही दिवस सगळ्यांच्या आधी हजर आणि तिन्ही दिवस सगळ्यांच्या मागे. येईल त्याला "आदी तुमी, आदी तुमी" करत ते इतके मागे गेले की शाळेच्या फाटकाबाहेर पडले. तिसऱ्या दिवशी सगळ्या गावाची, आसपासच्या पाड्यांची, मावशीची नोंद झाली आणि यंत्रं पेटीत भरून जीपमध्ये चढली, तेव्हा पेटीला खालून हात लावणाऱ्यांत मावसोबाच होते. पुढे कुणाच्या लक्षातही आलं नाही. ज्या माणसाला कधी काही नकोच असतं, त्याच्याकडे काय नाही हे कळायला वेळ लागतो.

कळलं ते डोळ्यांमुळे. त्यांचा उजवा डोळा दोन वर्षांपूर्वीच धूसर झाला होता, मागोमाग डावा. त्यांनी कुणाला सांगितलं नाही, कारण दिसत नाही म्हणणं ही तक्रार झाली, आणि पाहुण्याने तक्रार करायची नसते. पण समोर काहीतरी उभं आहे एवढंच त्यांना कळू लागलं होतं. ते माणूस असलं आणि आपण मान दिला नाही तर, या धास्तीने ते दिसेल त्याला नमस्कार करू लागले. विजेच्या खांबाला करू लागले, गवताच्या उडवीला करू लागले. एके दिवशी मी स्कूटरवरून आजोळी चाललो होतो, तर सापगावच्या फाट्यावर पाण्याच्या काळ्या टाकीपुढे मावसोबा टोपी काढून उभे. "राम राम. बरं हाय ना?" असं म्हणून ते उत्तराची वाट बघत होते. मी खो खो हसलो. मग जवळ गेलो, आणि माझा आवाज ऐकून ते टाकीकडेच तोंड ठेवून "ये रे" म्हणाले, तेव्हा माझं हसू पार मावळलं.

शहापुरात एका धर्मादाय इस्पितळाचं नेत्रशिबिर होतं, तिथे त्यांना नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी बॅटरी मारून पाहिलं आणि म्हणाल्या, "आजोबा, मोतीबिंदू आहे. एक डोळा पुरता पिकलाय, दुसरा त्याच वाटेवर आहे. पावसाळ्याच्या आत करून घ्या. आणखी पिकून आतल्या आत फुटला, तर मग माझ्या हातात काही राहणार नाही." ऑपरेशन फुकट होतं, फक्त नाव नोंदवायला कार्ड लागत होतं. कार्डाच्या भानगडीत कशाला पडा, आपण खासगीत करू, मी खर्च करतो, असं मी म्हटलं. मावसोबा म्हणाले, "नको रे. तुझ्या पैशानं डोळं परत आलं, तं जे दिसंल ते तुझं. मंग मी काय बघू?" मावशीने रागावून पाहिलं, माझ्या आईने रडून पाहिलं. उपयोग झाला नाही. जन्मात कधी हट्ट न केलेला माणूस एकदा हट्टाला पेटला की त्याला आवरायचं कसं, याचा अनुभव घरात कुणालाच नसतो. तेव्हा माघ चालू होता. पावसाळ्याला चार महिने होते. मी हायस्कुलात शिकवतो, नववीच्या वर्गाला दरवर्षी अर्ज कसा लिहावा ते शिकवतो, त्यामुळे कागदपत्रांची मला बिलकूल भीती नव्हती. आता आहे.

कार्डासाठी जन्माचा पुरावा हवा आणि राहण्याचा पुरावा हवा. पैकी मावसोबांचं राहणं शहापूर तालुक्यात आणि जन्मणं मुरबाड तालुक्यात. सुरुवात राहण्यापासून केली. पहिल्या दिवशी आम्हाला चौदा नंबरचं टोकन मिळालं. मी झेरॉक्स काढून परत येतो, तर मावसोबांच्या हातात एकोणीस. तान्हं मूल घेतलेल्या एका बाईला त्यांनी चौदा देऊन टाकलं होतं. असू दे म्हटलं. मग एका म्हाताऱ्याची तानशाकडे जाणारी गाडी चुकत होती, म्हणून एकोणीसचे सव्वीस झाले. मग मी पाणी प्यायला गेलो तेवढ्यात सव्वीसचे एकेचाळीस. हे कुणाला दिलं, असं विचारलं तर म्हणाले, "त्या शर्टवाल्याला. लय घाईत व्हता रे. आपल्याला कुठं घाई हाय?" मी कळवळून म्हटलं, "मावसोबा, तुमचे डोळे चाललेत!" त्यावर शांतपणे म्हणाले, "ते काय आजच जातात का?" खिडकी बंद झाली तेव्हा बत्तीस नंबर चालू होता. पुढच्या खेपेला मी टोकन माझ्या खिशात ठेवलं, तर नंबर पुकारल्यावर हे खिडकीसमोरून बाजूला झाले आणि मागच्याला म्हणाले, "या, तुमी या." तिसऱ्या खेपेला मी त्यांचा दंड धरून उभा राहिलो. लोकांना वाटलं, मी म्हाताऱ्याला कशावर तरी जबरदस्तीने सही करायला आणलंय.

खिडकीतला कारकून बिचारा सज्जन होता. "घर स्वतःचं आहे का, आजोबा?" त्याने विचारलं.

"नाय. सासऱ्यांचं."

"सासरे कुठे असतात?"

"वारलं."

"मग आता घर कुणाचं?"

"सासऱ्यांचंच."

कारकुनाने माझ्याकडे पाहिलं. मी वर पंख्याकडे पाहिलं. अशी आमची फाल्गुनापर्यंतची प्रगती होती.

जन्माच्या पुराव्यासाठी त्यांना स्कूटरवर मागे बसवून मुरबाडमार्गे टोकावड्याला नेलं, तिथे एका ढाब्यावर चहा घेतला आणि पुढे चढाला लागलो. एवढ्या प्रवासात ते माझ्या खांद्याला धरून बसले नाहीत, कारण मला त्रास झाला असता. सीटच्या मागची कडी धरून बसले, तीही दोन बोटांनी. वाडीत त्यांच्या भावाची मुलं होती. त्यांनी लांबून बघितलं आणि घरात ओरडून सांगितलं, "पाव्हनं आलं गो!" ज्या घरात जन्म झाला तिथंही हे पाहुणेच. प्लास्टिकची खुर्ची आली, मावसोबा तिच्या कडेवर बसले. शाळा दोन खोल्यांची, बाई नव्या आणि उत्साही. त्यांनी जुन्या पत्र्याच्या पेटीतून एकेक रजिस्टर काढून झटकलं, तासाभराने तपकिरी पडलेल्या शाईत मावसोबांचं नाव सापडलं. वडिलांचं नाव, जन्मतारीख, इयत्ता तिसरी. शाळा सोडल्याच्या कारणापुढे एकच शब्द होता, 'गुरे'. तो मोठ्याने वाचून बाई जरा ओशाळल्या, पण मावसोबा खूश झाले. "बराबर. चार व्हती. एक बांडी गाय लय पळायची." मग म्हणाले, "बाईसाहेब, बापाचं नाव कुठंशी हाय त्यात?" बाईंनी त्यांचं बोट धरून त्या ओळीवर टेकवलं. ते बोट त्यांनी बराच वेळ तिथेच ठेवलं. मी बाहेर जाऊन उगाचच स्कूटरची हवा बघितली.

दाखला मिळाला. मी विजयी मुद्रेने तो शहापुरातल्या मतदारयादीच्या उताऱ्याशेजारी खिडकीत ठेवला. कारकुनाने दोन्ही वाचले आणि हळूच म्हणाला, "सर, ही तर दोन माणसं आहेत." खरंच होती. मुरबाडच्या कागदावर मावसोबा आपल्या बापाचे मुलगे होते, आणि शहापूरच्या कागदावर माझ्या आजोबांचे. नुसतं वडिलांचं नाव नव्हे, आडनावसुद्धा आजोबांचं. जुन्या रेशनकार्डाची नोंद काढली, तर तिथे हे सगळं सुरू झालेलं सापडलं. कुटुंबप्रमुख आजोबा. त्यांच्याखाली मावसोबा, नातं मुलगा. त्यांच्याखाली मावशी, नातं मुलगी. पुढची प्रत्येक यादी या नोंदीवरून उतरवली गेली होती. म्हणजे एक माणूस टोकावड्याच्या वर जन्मला, तिसरी शिकला आणि गुरांमागे गेला तो परत आलाच नाही. दुसरा न जन्मताच सापगावच्या पुढे एकदम मतदार झाला, आणि त्याला बायको नाही, बहीण आहे.

हे मी आजोळी जाऊन सांगितलं तेव्हा मावशी भाकरी थापत होती. तिचा हात परातीतच थांबला. "म्हंजी सरकारात मी यांची भन?" ती म्हणाली. "मंग इतकी वर्सं वडाला फेऱ्या मारल्या त्या कुनासाठी, भावासाठी? आनि भाऊबीजेची ओवाळनी कुठं हाय माझी? एक साल घातली नाय यांनी ताटात!" मावसोबा ओटीवरून म्हणाले, "तू ववाळलंस कुठं गो?" दोघंही हसायला लागली. सत्तरीतली ती दोन माणसं डोळ्यांना पाणी येईपर्यंत हसली, आणि मलाही वाटलं की एवढंच तर आहे, एका जुन्या कारकुनाची चूक. एक प्रतिज्ञापत्र करून टाकू.

कचेरीबाहेर झाडाखाली एक टायपिंगवाला बसतो. पूर्वी टाइपरायटर होता, आता लॅपटॉप आणि छोटा प्रिंटर. प्रतिज्ञापत्राचा मजकूर त्याच्याकडे तयारच होता, नावं तेवढी भरायची. मी तो मावसोबांना वाचून दाखवला. "...माझ्या वडिलांच्या नावाच्या जागी माझ्या सासऱ्यांचे नाव नजरचुकीने लागले असून..."

"थांब," मावसोबा म्हणाले. "काय वाचलंस?"

मी परत वाचलं.

"नजरचुकीनं नाय लागलं."

"म्हणजे?"

तेव्हा त्यांनी जे सांगितलं ते मावशीलाही ठाऊक नव्हतं. मावसोबा आले त्या पहिल्या वर्षी गावातली माणसं त्यांना नावाने हाक मारत नसत, 'घरजावया' म्हणत. कार्यात पंगत बसली की याचं पान कुठं मांडायचं यावरून हसत. किती खातो ते बघत बघत भात वाढत. एक दिवस रेशनचा माणूस नावं उतरवायला आला आणि आजोबांच्याच ओटीवर बसला, गावातली बापयमाणसं भोवती. मावशी शेतावर होती, आणि पुढेही तिला हे कुणी सांगितलं नाही. घरात कोण कोण, असं त्याने विचारलं. आजोबांनी मावसोबांकडे बोट करून सांगितलं, "लिव, मुलगा." माणसं हसली. रेशनवाल्याने पेन थांबवून विचारलं, मुलगा की जावई? "सासरं उभं ऱ्हायलं," मावसोबा म्हणाले, "आनि बोललं, 'मुलगा म्हनलं ना, मुलगा लिव. माझं नाव लाव त्याला, आडनाव बी माझंच. ज्याला हसायचं त्यानं माझ्या वट्याखाली उतरून हसावं.' त्याच्यामागं कोन हसलं नाय मला." मग टायपिंगवाल्याच्या दिशेने तोंड करून त्यांनी अगदी मऊ आवाजात सांगितलं, "म्हनून तो शब्द काढा. त्यांनी चुकून नाय लावलं. लावलं."

मी आत जाऊन कारकुनाला भेटलो, त्याच्या साहेबांनाही भेटलो. दोघांनीही ऐकून घेतलं. साहेबांचे डोळेसुद्धा जरा ओले झाल्यासारखे वाटले. पण ते म्हणाले, "सर, एका माणसाला दोन वडील कसे लावणार? एक बरोबर असेल, तर दुसरं चूक आहे असं लिहून द्यावंच लागतं. त्याशिवाय दोन्ही माणसं एकच आहेत, हे ठरणार कसं?" मी हे बाहेर येऊन मावसोबांना सांगितलं. ते म्हणाले, "दोनी बराबर हायत," आणि टोपी घालून उठले. टोकनं वाटून टाकणारा, स्वतःच्या झाडाचा आंबा विचारून खाणारा हा माणूस एका शब्दावर असा अडून बसला, की मला त्याचा राग आला. खरं सांगतो, भयंकर राग आला.

चैत्र गेला. मी दर रविवारी जायचो, समजवायचो, भांडायचो, परत यायचो. मी म्हणायचो, तो नुसता कागद आहे. ते म्हणायचे, "मंग काढ ना शब्द, नुसता कागुदच हाय तं." वैशाखात त्यांनी कपाऐवजी स्वतःच्या हातावर चहा ओतून घेतला. मग पायरी चुकली आणि गुडघा फुटला. शेवटी मावशीने मागच्या दारापासून न्हाणीपर्यंत सुंभाची दोरी बांधली. ती धरून मावसोबा सावकाश पाऊल टाकत जायचे, आणि वाटेत कुणी आहेसं वाटलं तर दोरी न सोडता एका हाताने राम राम करायचे. डॉक्टरीणबाईंनी दिलेली मुदत संपत आली होती. मावशी त्या दोरीपाशी उभी राहून मला म्हणाली, "तू कायतरी कर रे. मास्तर हायस ना." माझ्या मावशीने माझ्याकडे कधी काही मागितलेलं नाही. तिच्याकडे बघून मला रडू आवरेना.

मी केलं. दुसऱ्या दिवशी मावसोबांना झाडाखाली आणलं, टायपिंगवाल्याकडून तोच मजकूर तस्साच छापून घेतला आणि त्यांच्या हातात पेन दिलं. अंगठा उठवायचा नाही असा त्यांचा कटाक्ष. तिसरी शिकलोय, सही करीन, असं ते म्हणत. मी त्यांचा हात धरून पेन सहीच्या रेघेवर टेकवलं. पेन टेकवल्यावर ते थांबले. "तो शब्द काढला ना रे?"

"काढला," मी म्हणालो.

टायपिंगवाल्याने माझ्याकडे पाहिलं, मग मान खाली घालून प्रिंटरमध्ये कागद सारखे करत बसला. मावसोबांनी एकेक अक्षर कोरत सही केली. आत साहेबांनी नियमाप्रमाणे विचारलं, "आजोबा, मजकूर वाचलाय ना?" मावसोबा म्हणाले, "भाच्यानं वाचलाय," आणि माझ्या दिशेने हसले. त्या वेळी मी खाली बघत होतो. पण वर बघितलं असतं, तरी त्यांना कुठे दिसणार होतं?

कार्ड आलं. नाव नोंदलं, आणि आभाळ भरून यायला लागलं होतं तेव्हा एक डोळा झाला, पुढे महिनाभराने दुसरा. पट्टी काढली त्या दिवशी मावसोबांनी समोर उभ्या असलेल्या मावशीकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "गो, तू कदी म्हातारी झालीस?" मावशी म्हणाली, "तुमी खांबाला राम राम करीत व्हता ना, तवा." सगळा वॉर्ड हसला. कार्डावर मावसोबा आता आपल्या बापाचे मुलगे आहेत आणि मावशी सरकारात त्यांची रीतसर बायको. इतकं सगळं चांगलं झालं. डोळे परत आल्यावर तर त्यांना वाचायचा नादच लागला. भिंतीवरचं कॅलेंडर, खताच्या गोणीवरची अक्षरं, बिस्किटाच्या पुड्याची मागची बाजू, एसटीच्या पाट्या, जे दिसेल ते बोट ठेवून मोठ्याने वाचायचे. मावशी म्हणायची, कान किटले माझे. मला ऐकून बरं वाटायचं. त्या सगळ्या कागदांची फाईल मी मावशीकडे ठेवून दिली होती, ती आपण परत न्यायला हवी होती, हे मात्र डोक्यात आलं नाही. असल्या वेळी नेमकं तेवढंच डोक्यात येत नाही.

पुढच्या एका रविवारी गेलो, तर मावसोबा ओटीवर होते. मला बघून उठून उभे राहिले आणि म्हणाले, "या. बसा. तुमी चाय घेनार ना?"

मला वाटलं थट्टा आहे. मी हसलो. त्यांनी शेजारून खुर्ची आणवली आणि माझ्यासाठी ती पंच्याने पुसली. मी आत गेलो तेव्हा मावशीने हळूच सांगितलं. फाईल त्यांनीच काढली, दोन वेळा वाचली, पुन्हा होती तशी दोरी बांधून ठेवून दिली. रागावले नाहीत, जेवण टाकलं नाही. एवढंच म्हणाले, "पोरानं माझ्या डोळ्यांसाठी केलंय. त्याला काय बोलू नको." मी बाहेर येऊन त्यांच्या पाया पडलो, काहीतरी बोलायचा प्रयत्न केला. त्यांनी मला उठवलं आणि म्हणाले, "अवो, असं नका करू. तुमच्यामुळं दिसतं मला."

मी पाळण्यात असल्यापासून त्यांनी मला अरेतुरे केलं होतं. आता अहोजाहो करतात. माझ्या मुलांची चौकशी करतात, परसातल्या भाजीची पिशवी भरून देतात, काही म्हणजे काही कमी करत नाहीत. मी अजून रविवारी जातो. निघताना ते फाट्यापर्यंत सोडायला येतात, आता न ठेचकाळता, माझ्या पुढे पुढे चालत. मी स्कूटर चालू करतो आणि मुद्दाम थोडा वेळ तशीच ठेवतो. बोलता बोलता विसरून एखाद्या वेळी "जा रे" म्हणतील, असं मला दर वेळी वाटतं. ते हात जोडतात आणि म्हणतात, "सांभाळून जावा."